आषाढातले हरिहरेश्वर : बंद बंदराची गोष्ट

आमच्या घरात आषाढ महिना फारसा बोलका नसे. अण्णा, म्हणजे माझे वडील, एरवी गावच्या गोष्टींत रमणारे. शिमग्याची पालखी, रोठा सुपारीच्या वाड्या, खाडीतली मुळे, यांवर ते तासन् तास बोलत. पण पाऊस सुरू झाला की गावाचे नाव निघत नसे. आम्ही मुले विचारीत, ‘‘अण्णा, पावसात गावाला कसं दिसतं?’’ ते म्हणत, ‘‘पावसात गाव बंद असतं.’’ लहानपणी मला ते दुकानासारखे वाटे. फळी लावलेली, कुलूप घातलेले.

आमचे गाव म्हणजे हरिहरेश्वरपासून कोसभरावरची एक वाडी. आजी १९६१च्या जुलैमध्ये गेली. पानशेत धरण १२ जुलैला फुटले, त्याच्या पुढच्याच आठवड्यात. अण्णा तेव्हा परळच्या एका गिरणीत होते. ते थोरले, म्हणून अग्नी देण्याचा मान त्यांचा. पण ते पोहोचले सहाव्या दिवशी. अग्नी धाकट्या काकांनी दिला. भावकीत पुढे किती तरी वर्षे एक वाक्य फिरत राहिले, ‘थोरला आला नाही’. अण्णांनी ते कधी खोडले नाही आणि मान्यही केले नाही. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत जमाखर्चाच्या वह्या मिळाल्या. १९६१च्या वहीत एका पानावर पेन्सिलीने लिहिलेले होते : ठाणे लोकल, पनवेल एसटी, नागोठणे चहा, नागोठणे चहा, माणगाव मुक्काम. चहाची नोंद दोनदा होती. तिथून पुढे पान कोरे.

गेल्या आषाढात मी एकटीच हरिहरेश्वरला गेले ती या पानामुळे. जुलैमध्ये मुंबईहून तिथे पोहोचणे १९६१ साली खरेच शक्य होते का, एवढाच माझा प्रश्न होता. उत्तर शोधताना तो प्रश्न एका माणसाचा राहिला नाही, साऱ्या किनाऱ्याचा झाला.

पुलाच्या आधीची वाट

देवनारहून कोकणात जायला आज अडचण काही नाही. मैत्री पार्कच्या थांब्यावर उभे राहिले की श्रीवर्धनची एसटी मिळते. दहा-पंधरा मिनिटांत मानखुर्द मागे टाकून गाडी वाशीच्या खाडीपुलावर चढते. पावसाळ्यात आमच्याकडे डम्पिंगचा वास खाली उतरून बसतो, पुलावर वारा लागला की तो सुटतो. पलीकडे पनवेल, पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव. तिथे महामार्ग सोडायचा आणि म्हसळ्याचा घाट धरायचा. महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११पासून चालू असल्याने खड्डे मोजत जावे लागते, पण सहा-सात तासांत माणूस समुद्रासमोर असतो.

हा खाडीपूल १९७३ साली सुरू झाला. १९६१मध्ये देवनार-मानखुर्दच्या पुढे रस्ता नव्हताच, खाडी होती. मुंबईतून कोकणात खुष्कीने जायचे तर आधी उत्तरेला ठाण्याला जायचे, तिथून मुंब्र्याच्या बाजूने वळसा घालून पनवेलला उतरायचे. अण्णांच्या वहीतली पहिली ओळ ‘ठाणे लोकल’ का, हे मला पुलावरून जाताना उमगले. दक्षिणेला निघालेल्या माणसाला पहिले तीस-पस्तीस किलोमीटर उलट दिशेला जावे लागत होते.

कोकणी माणसाचा खरा रस्ता अर्थात हा नव्हताच. त्याचा रस्ता पाण्यावरचा. भाऊच्या धक्क्यावर सकाळी आगबोटीत बसलेला माणूस संध्याकाळपर्यंत श्रीवर्धनला लागत असे. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, जिला लोक शेफर्ड कंपनी म्हणत, तिच्या बोटी जंजिरा, श्रीवर्धन, बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेत खाली जात. बहुतेक ठिकाणी बोट बंदराला लागत नसे. ती बाहेर नांगर टाकी आणि पडावातून माणसे, ट्रंका, वळकट्या, कोंबड्या किनाऱ्यावर आणल्या जात. हाल होते, पण गाव एका दिवसाच्या अंतरावर होते.

हे सारे मेअखेरीपर्यंत. मग बंदर बंद.

मोसम नावाचे वेळापत्रक

‘बंदर बंद’ हे दोन शब्द कोकणच्या इतिहासात जितके महत्त्वाचे आहेत तितके ते पुस्तकांत आढळत नाहीत. नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की हा किनारा उघडा पडतो. लाटा थेट अंगावर येतात. खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात, त्यांवर पाणी फुटते आणि आत-बाहेर करणे जिवावर बेतते. म्हणून गलबते खाडीत आत नेऊन ओढायची, झावळ्यांनी शाकारायची आणि वाट बघायची. ही रीत फार जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात या किनाऱ्यावरची बंदरे नोंदलेली आहेत. त्यातल्या ‘मंदगोरा’ला विद्वान कधी बाणकोटशी, कधी राजपुरी खाडीतल्या मांदाडशी जोडतात. त्या ग्रंथाप्रमाणे मिसरहून जहाजे जुलैच्या सुमारास निघत. पाऊस त्यांना इकडे ढकलीत आणी, पण किनाऱ्याला लागायचे ते त्याचा जोर ओसरल्यावर.

लढायाही याच वेळापत्रकाने चालत. हरिहरेश्वरच्या दक्षिणेला सावित्री नदीचे मुख आहे. पलीकडे टेकडीवर बाणकोटचा किल्ला दिसतो. १७५५च्या एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांविरुद्धच्या मोहिमेत आधी सुवर्णदुर्ग घेतला आणि पाठोपाठ बाणकोट. इंग्रजांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले. जेम्स जिंकत होता, तरी पुढे गेला नाही, कारण मोसम संपत आला होता. विजयदुर्गावरचा हल्ला व्हायला १७५६चा फेब्रुवारी उजाडला. आंग्र्यांच्या आरमाराला जे महिने मिळाले ते पावसाने दिले. १८१८नंतर दक्षिण कोकणचा जिल्हा झाला तेव्हा त्याचे ठाणे आधी बाणकोटला होते, १८२२मध्ये ते रत्नागिरीला हलले.

कायद्याच्या भाषेत हे वेळापत्रक आजही टिकून आहे. मुंबई बंदरातून मांडव्याला जाणाऱ्या बहुतेक प्रवासी बोटी २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात. मुरूडचा जंजिरा किल्लाही त्या काळात पाहता येत नाही. मासेमारीची बंदी पूर्वी १० जून ते १५ ऑगस्ट असे, अलीकडे ती १ जूनपासून ६१ दिवसांची झाली. १९९८मध्ये सलग सुरू झालेल्या कोकण रेल्वेचेसुद्धा पावसाळी वेळापत्रक निराळे असते. दरडींच्या भीतीने गाड्या हळू चालवतात. रूळ टाकले, बोगदे खणले, तरी आषाढाची दखल घ्यावी लागतेच.

या वेळापत्रकात सणही बसलेले आहेत. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात आणि त्यानंतर तीनएक आठवड्यांत गणपती येतात. कोकणी चाकरमानी शिमगा एखाद्या वर्षी चुकवील, पण गणपतीला गावी जाणारच, याचे नवल सगळ्या मुंबईला वाटते. भक्ती आहेच. पण बहुतेक वर्षी बंदर उघडल्यानंतर आईबापांचे तोंड पाहण्याची ती पहिली संधी होती, हेही विसरू नये. तीन महिन्यांत घरात कोण राहिले आणि कोण गेले, हे गणपतीला कळत असे.

दक्षिण काशी, पावसात

हरिहरेश्वरला मी उतरले तेव्हा दुपार होती आणि पाऊस सरळ पडत होता. मोसमात गाड्यांनी भरणाऱ्या रस्त्यावर दोन कुत्री आणि छत्री घेतलेला एक पोस्टमन एवढेच होते. निम्म्या घरांना कुलपे. ब्रह्माद्री, पुष्पाद्री, हर्षिणाचल आणि हरिहर अशा चार टेकड्यांमध्ये हे देवस्थान आहे. रिवाजाप्रमाणे आधी काळभैरवाचे दर्शन, मग हरिहरेश्वर, आणि परतताना पुन्हा काळभैरव. भट घराण्याचे, म्हणजे पेशव्यांचे हे कुलदैवत. पहिल्या बाजीरावाने १७२३ साली देवळाचा जीर्णोद्धार केल्याचे सांगतात.

पेशवे मुळात इथून निघून गेलेले लोक, हे मला त्या ओल्या सभामंडपात बसल्यावर विशेष जाणवले. श्रीवर्धनची देशमुखी असलेल्या बाळाजी विश्वनाथांना जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे गाव सोडावे लागले. पलीकडच्या वेळासच्या भानूंची त्यांना साथ मिळाली. त्याच भानूंच्या कुळात पुढे नाना फडणीस झाले. १७१३मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले, पण श्रीवर्धन-हरिहरेश्वर सिद्दीच्या मुलखात राहिले ते पार १९४८मध्ये जंजिरा संस्थान विलीन होईपर्यंत. पेशव्यांनी अटकेपर्यंत सत्ता नेली आणि त्यांचे कुलदैवत मात्र दुसऱ्याच्या राज्यात! घाटावर गेलेला कोकणी माणूस आणि मागे राहिलेला देव, ही जोडी गिरणीच्याही फार आधीची आहे.

देवळामागून खडकातल्या अरुंद घळीतून पायऱ्या समुद्राकडे उतरतात. हा प्रदक्षिणेचा मार्ग. खाली लाटांनी मधाच्या पोळ्यासारखी भोके पाडलेले कातळ आहेत, गायत्री तीर्थ आहे, पिंडदानाची जागा आहे. पावसाळ्यात तिथे उतरायचे नसते. मी घळीच्या तोंडाशी थांबले. लाट आत शिरली की आधी वारा वर येई, मग आवाज, मग पाणी. आमच्या आजीचे दहावे इथेच झाले होते, ओहोटी साधून.

वरून सावित्रीचे मुख दिसत होते. नदीचे पाणी गढूळ तांबडे, समुद्राचे राखाडी आणि मध्ये फुटणाऱ्या पाण्याची पांढरी रेघ. ही नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि महाडवरून येऊन इथे संपते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याची पत्नी आणि लहान मूल होडीतून जाताना याच मुखाशी बुडाले. महाबळेश्वरला सावित्रीच्या खोऱ्यावर जो आर्थर सीट आहे, तो त्याच्याच नावाचा असे मानतात. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना, १९२८चा पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या व इतर वाहने माणसांसकट नदीत गेली. त्यांतले काही मृतदेह खाडीच्या मुखाशी आणि त्याही पलीकडच्या किनाऱ्यांवर मिळाले. नदीकाठच्या लोकांना नकाशा शिकवावा लागत नाही. वर काय झाले ते खाली कळते.

२०२०च्या ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ या भागातच किनाऱ्याला आदळले. रोठा सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. नव्याने लावलेली झाडे मला रस्त्याने दिसत होती, अजून माणसाला सावली देण्याइतकी न झालेली. कुलपांची संख्या त्या वर्षानंतर वाढली, असे देवळाजवळच्या चहावाल्याने सांगितले. पर्यटक ज्याला निवांतपणा म्हणतात, त्यात ही निघून गेलेली माणसेही मोजायला हवीत.

बोटी बुडाल्यानंतर

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेले. धाकटे काका आता नाहीत. काकी ब्याऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येते, पण आठवण लख्ख. १९६१मध्ये ती नवी नवरी होती. मी अण्णांच्या वहीचे पान तिला दाखवले. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच वाचले. नागोठण्याला दोनदा चहा का, हे तिने लगेच सांगितले.

‘‘अंबेला पूर होता. एसटी अडकली. दोन दिवस भाऊजी तिथंच होते. मग माणगाव. म्हसळ्यापासनं चालत आले. भिजून नुसते काकडत होते.’’

मी माझा हिशेब तिच्यापुढे मांडला. आजी गेली त्या दिवशी काका लावणीतून उठून पाऊस तुडवीत श्रीवर्धनला तार करायला गेले, ते अंतर वीसेक किलोमीटर. तार परळला पोहोचली दुसऱ्या दिवशी. अण्णा त्याच रात्री निघाले. म्हणजे आगबोट चालू असती तरी त्यांना अग्नी देता आला नसता, कारण प्रेत तेवढे थांबत नाही. ते बोटीमुळे चुकले नाहीत आणि आळसामुळे तर नाहीच नाही. मला वाटले, साठ वर्षांचे वाक्य मी खोडले.

पण हिशेबात एक भोक राहत होते. आजी महिनाभर अंथरुणाला होती. मग आधी पत्र का गेले नाही? पावसात टपाल रेंगाळत असेल, तरी महिनाभरात एक कार्ड पोहोचलेच असते.

काकी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘सासूबाईंनीच सांगितलं होतं, थोरल्याला कळवू नका.’’

‘‘का?’’

‘‘कळलं तर निघंल. पावसाचा निघंल. आणि वाटेत काय झालं तर? बाय, आमच्या मनातनं ती बोट गेली नव्हती.’’

ती कुठली बोट, हे कोकणात विचारावे लागत नाही. ‘रामदास’. १७ जुलै १९४७, आषाढी अमावस्या, दिव्याची अवस. सणाला घरी निघालेली माणसे घेऊन ही बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला चालली होती. मुंबई बंदराच्या आतला मार्ग म्हणून तो पावसातही चालू असे. काशाच्या खडकाजवळ ती वादळात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्याआधी ११ नोव्हेंबर १९२७ला ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशी वादळात गेल्या होत्या. ‘जयंती’वरचे तर कोणीच वाचले नाही. आमच्या घरातले त्या बोटींवर कोणी नव्हते. पण किनाऱ्यावरच्या प्रत्येक आईने बुडालेली बोट आपल्या मुलाची म्हणून एकदा तरी पाहिली असेल. १९४७ ते १९६१ म्हणजे चौदा वर्षे. आजीला तो काळ कालचाच होता. पावसात सुटते ती रेवसची बोट घाई झालेला मुलगा पकडील, ही तिची भीती अगदी व्यवहाराची होती.

इतिहास लिहिणारे बंदर बंद झाल्याचे दिवस मोजतात, कारण ते कागदावर असतात. कागदावर नसलेली गोष्ट अशी की समुद्राबरोबर माणसेही बातम्या बंद करीत. आजारपण लपवायचे, बाळंतपण अडले तरी कळवायचे नाही, ‘आम्ही खुशाल आहोत’ असे कोणाकडून तरी लिहून घ्यायचे. मुंबईत खोलीवर ते कार्ड वाचणारा माणूस निर्धास्त होई. आजीनेही त्या जूनमध्ये तसेच एक कार्ड लिहवून घेतले होते, असे काकी म्हणाली. मला ते ट्रंकेत सापडलेले नाही.

‘‘काकी, हे अण्णांना कधी सांगितलं नाहीत?’’

‘‘त्यांनी विचारलं नाही. आणि सासूबाईंची शपथ होती ना, बाय.’’

अण्णा ‘पावसात गाव बंद असतं’ म्हणत, ते त्यांच्या समजुतीप्रमाणे खरे होते. ते कोणी बंद केले होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांना वाटत राहिले, आपण उशीर केला. भावकीला वाटत राहिले, थोरला आला नाही. आणि ज्या बाईने मुलाचा जीव वाचवण्यासाठी त्याच्या हातचा अग्नी सोडला, तिच्या नावावर काहीच जमा झाले नाही.

परत निघायच्या दिवशी पाऊस थोडा उघडला. ओहोटी होती, तरी मी प्रदक्षिणेला उतरले नाही. काळभैरवाचे दुसऱ्यांदा दर्शन घेतले आणि थांब्यावर आले. एसटी वेळेवर आली. नागोठण्याला गाडी दहा मिनिटे थांबली, अंबा काठोकाठ वाहत होती. खाली उतरून मी चहा घेतला.

देवनारला पोहोचले तेव्हा रात्र झाली होती. वही काढून १९६१च्या त्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने लिहिले : म्हसळ्यापासून पायी.